पहिल्या पोत्याला अडणारा प्रोग्राम

प्रोग्राममधली चूक पकडण्यात अख्ख्या धुळ्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. चुका सगळ्या मीच केलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांचा पत्ता मला माहीत असायचा.

त्या दिवशी मात्र पत्ता सापडत नव्हता. पारोळ्याच्या गाडीचा कंडक्टर माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता आणि चिठ्ठी पुढं करत होता.

"घ्या सर. तुमची मंगला परत अडली."

मला त्याचं 'सर' फार आवडायचं. मी सातवी नापास. शाळेत मास्तर मला नावानं पण हाक मारत नव्हते, नुसतं "ए, खाली बस" म्हणायचे. म्हणून आधी ते 'सर' नीट ऐकून घेतलं, मग चिठ्ठी उघडली.

"सर, प्रोग्राम पहिल्या पोत्यालाच अडतो. रीडू फ्रॉम स्टार्ट म्हणतो. पुढं जातच नाही. पाडवा जवळ आला. नाना शेठ रोज विचारतात. काय करू?"

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस कोण.

मी मूळचा सोनगीरचा. घरात सगळे तांब्या-पितळेची भांडी ठोकणारे. मला ठोकता येईना, भांडं गोल व्हायचं सोडून चपटं व्हायचं. म्हणून धुळ्याला आलो आणि रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला लागलो. ते जमलं. मग एकाकडून जुना कॉम्प्युटर मिळाला. हिरव्या अक्षरांचा, दोन फ्लॉपीवाला. फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी चकती, त्यात प्रोग्राम साठवायचा. कॉम्प्युटर बंद पडलेला होता, मी चालू केला. चालू केल्यावर याचं करायचं काय, ते मला माहीत नव्हतं. म्हणून रविवारी रविवारी जळगावला जाऊन बेसिक शिकलो. बेसिक म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा. ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचे, आणि कॉम्प्युटर त्या क्रमानं ऐकतो. बायकोपेक्षा बरं ऐकतो, असं मी घरी बोललो होतो. त्यानंतर दोन वेळचं जेवण मी स्वतः वाढून घेतलं.

जळगावला शिकवायला शिरसाठ मॅडम होत्या. पॉलिटेक्निकला लेक्चरर. कडक बाई. हसायच्या नाहीत, ओरडायच्या पण नाहीत. नुसत्या बघायच्या. त्यांनी नुसतं बघितलं की माझ्या हातातला खडू खाली पडायचा.

शिकून आलो आणि दुकानावर बोर्ड लावला. 'येथे प्रोग्रामच्या सर्व अडचणी सोडवून मिळतील.' कॉलेजची पोरं यायला लागली, अडलेले प्रोग्राम घेऊन. मी कागद हातात घ्यायचो, मान हलवायचो, म्हणायचो, "हं. अवघड आहे. उद्या ये." मग तोच कागद पाकिटात घालून जळगावच्या गाडीत द्यायचो. संध्याकाळच्या गाडीनं मॅडमचं उत्तर यायचं. दुसऱ्या दिवशी पोरगं आलं की मी म्हणायचो, "खूप विचार केला रे." विचार करणाऱ्या बाई जळगावला होत्या, पण विचार खूप झाला होता, हे खरं.

फोन का नाही केला, असं कोणी विचारेल. एकदा केला होता. एसटीडी बूथवरून प्रोग्राम वाचून दाखवायला लागलो. बेसिकमध्ये अक्षरं ठेवायची असतील तर नावापुढं डॉलरचं चिन्ह लावतात. मी आपला मोठ्यानं, "ए डॉलर, बी डॉलर, एन डॉलर." बाहेर रांग लागलेली. बूथवाल्यानं दार उघडून विचारलं, "भाऊ, माल परदेशात जातो का तुमचा?" तेव्हापासून एसटी बरी.

आता मंगला. पारोळ्याची पोरगी, बारावी पास. धुळ्याला मावशीकडे राहून माझ्याकडे शिकली. दुकानात मी बेसिकचा क्लास पण घ्यायचो, त्यातून जिला खरोखर काही आलं, अशी ती एकटी. तिचे वडील, आबा, पारोळ्याच्या मार्केटमध्ये मापाडी. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन बघून मोठ्यानं सांगणारा माणूस. आबा सांगायचे आणि नाना शेठच्या आडतीत ते लिहून घ्यायचं काम शेठचा भाचा करायचा. आडत म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारं दुकान. भाच्याचं अक्षर असं होतं की सात आहे की एक, यावरून शेतकऱ्यांची रोज कचकच.

नाना शेठ माझ्याकडे भजनाचा टेप दुरुस्तीला घेऊन आले होते. तिथं त्यांनी कॉम्प्युटर बघितला. मी लगेच सांगितलं, "शेठ, पोत्यांची वजनं हा करेल. बेरीज करेल, बारदान वजा करेल, पट्टी छापून देईल. भांडण बंद." बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात द्यायचा हिशोबाचा कागद.

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे बघितलं. म्हणाले, "टेपवाले, टेप तरी नीट केला का?"

"केला ना."

त्यांनी बटण दाबलं. भजन नीट लागलं. त्या भजनावर मला काम मिळालं.

शेठनी मुलाला सांगून कॉम्प्युटर आणला, प्रिंटर आणला. प्रोग्राम मी लिहिला. मी मंगलाला ऑपरेटर म्हणून पुढं केलं. शेठ म्हणाले, "पोरगी चांगली आहे. पण माझी एक अट. दिवाळीच्या पाडव्याला नव्या मालाचा मुहूर्त असतो. बाकीचे व्यापारी येतात. तेव्हा सगळ्यांसमोर पोरीच्या हातानं हे यंत्र चाललं पाहिजे. चाललं तर नोकरी तिची. नाही चाललं तर यंत्रावर चादर, आणि भाचा परत गादीवर."

भाचा तिथंच बसला होता. त्यानं चादर आणून ठेवली पण.

मंगलाला ती नोकरी पाहिजे होती. कापूस वेचायला जाऊन तिची बोटं फाटली होती. बारावी होऊन परत वावरात जायचं, यापेक्षा तिला दुसरं कसलं भ्या नव्हतं. क्लास सुटल्यावर सगळी पोरं पळायची, ही बसून राहायची आणि म्हणायची, "सर, अजून एक ओळ सांगा ना." मला त्या दिवसाच्या तेवढ्याच ओळी येत असायच्या. मी म्हणायचो, "उद्या. एकदम जास्त घेऊ नये."

तर चिठ्ठी. रीडू फ्रॉम स्टार्ट. रीडू म्हणजे पुन्हा करा. फ्रॉम स्टार्ट म्हणजे पहिल्यापासून. एवढं इंग्रजी मला येत होतं. कॉम्प्युटरनं सांगितलं आहे म्हटल्यावर मी बसलो आणि अख्खा प्रोग्राम पहिल्यापासून टाइप केला. दहापासून शेवटच्या ओळीपर्यंत. नव्या फ्लॉपीवर. गाडीत दिला.

संध्याकाळी चिठ्ठी. "सर, परत तेच म्हणतो."

मी म्हटलं, असं आहे का. परत टाइप केला. यावेळी सावकाश.

"सर, तेच."

मग माझ्यातला टेपवाला जागा झाला. टेपरेकॉर्डरचा अर्धा आजार हेड साफ केलं की जातो. फ्लॉपी ज्या खाचेत घालतात, तिथं पण आत हेडच असतं. मी स्पिरिट आणि कापूस घेऊन पारोळ्याला गेलो. शेठसमोर खोललं, पुसलं, फुंकलं, परत बसवलं. कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बाजरी पडली. मी विजयानं म्हटलं, "हे बघा. हे कारण."

मंगला म्हणाली, "सर, आता मी करू का?"

"सरक तू. मी करून दाखवतो."

मी खुर्चीवर बसलो. प्रोग्राम चालू केला. त्यानं विचारलं, पोतं नंबर? मी एक दाबलं. वजन? दाबलं. पोतं नंबर? दोन. वजन? दाबलं. सरळ चालला. बेरीज आली, पट्टी छापून निघाली. आबा बाहेर दुसऱ्या काट्यावर होते, त्यांना हाक मारून पट्टी दाखवली.

"चालू झाला आबा."

आबांनी पट्टी हातात घेतली, वरून खाली बघितली, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले आणि कामाला गेले. मी ते ऐकलं नाही. मी चहा पीत होतो.

शेठ म्हणाले, "तुमच्या हातानं चालतो. पोरीच्या हातानं का नाही?"

मी मंगलाकडे बघून म्हणालो, "बोटं. बटणावर बोट सरळ पडलं पाहिजे."

आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटायला पाहिजे, पण माझ्याकडे ती वस्तू कमीच. बिचारी पोरगी त्या दिवसापासून बोटं सरळ पाडायचा सराव करत बसली.

मी धुळ्याला पोचलो आणि मागच्याच गाडीनं चिठ्ठी आली. "सर, तुम्ही गेलात आणि परत तेच. रीडू फ्रॉम स्टार्ट. बोट सरळ होतं."

आता मॅडमशिवाय गत्यंतर नव्हतं. मी लिहिलं, "मॅडम, प्रोग्राम खराब झाला आहे. दुरुस्त करून पाठवावा." सोबत प्रोग्रामचा कागद.

उत्तर आलं. "प्रोग्राम इथं बरोबर चालतो. ऑपरेटरनं काय टाइप केलं? जसंच्या तसं लिहा."

मी धुळ्यात बसून लिहिलं, "नंबर टाइप केला."

"कोणता?"

"एक."

त्यावर जे पत्र आलं ते मी अजून जपून ठेवलं असतं, पण बायकोनं त्यात खारे दाणे बांधले. मॅडमनी लिहिलं होतं, "एक टाइप करून हा मेसेज येऊच शकत नाही. जिथं आकडा मागितला आहे तिथं आकडा सोडून दुसरं काही टाकलं, तरच कॉम्प्युटर म्हणतो की ही ओळ परत भरा. अख्खा प्रोग्राम परत लिहा असं तो म्हणत नाही. तुम्ही परत लिहिला नसेल अशी आशा आहे. बाकी, तुम्ही खोटं लिहीत आहात किंवा तुम्हाला माहीत नाही. दोन्हींपैकी काय ते कळवा."

मी कळवलं, "दोन्ही नाही. बोटांचा दोष आहे."

त्याला उत्तर आलं नाही.

पाडवा जवळ येत गेला. मी आणखी उपाय केले. स्टॅबिलायझर बदलला. वायर बदलली. मंगलाला चिठ्ठी लिहिली की एंटर जोरात दाब. ती बिचारी जोरात दाबायची, कॉम्प्युटर तेच बोलायचा. तिनं एका चिठ्ठीत लिहिलं, "मी तर आबा जे सांगतात तेच टाकते, सर." मी वाचलं आणि म्हटलं, बरोबर, तेच शिकवलंय मी. क्लासच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगायचो, ऑपरेटरनं कानावर आलेलं बोटावर उतरवायचं, मध्ये डोकं घालायचं नाही. माझा स्वतःचा अनुभव होता, मी डोकं घातलं की नुकसान व्हायचं.

शेवटी मी मॅडमला सगळं सोडून एक ओळ लिहिली. "मॅडम, पाडव्याला नाही चाललं तर मंगलाची नोकरी जाते."

त्याला उत्तर लगेच आलं. "सुट्टीत भावाकडे धुळ्याला येणारच आहे. पाडव्याच्या सकाळी पारोळ्याला उतरते. मी येईपर्यंत तुम्ही कशालाही हात लावू नका. विशेषतः मंगलाच्या कीबोर्डला."

पाडव्याला मी पहाटेच पारोळ्याला. मार्केटमध्ये काट्यांना झेंडूच्या माळा. नाना शेठच्या ओट्यावर गाद्या घातलेल्या, व्यापारी एक एक करून येत होते. कॉम्प्युटरला पण हळदीकुंकू झालं होतं. शेठच्या घरच्या बायकांनी मनापासून केलं होतं, थोडं कीबोर्डमध्ये पण गेलं होतं. बाहेर नव्या बाजरीची पोती. भाचा नवा शर्ट घालून, चादर मांडीवर घेऊन बसलेला. मंगला खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

मी तिला म्हटलं, "घाबरू नको. मी आहे."

ती म्हणाली, "म्हणूनच, सर."

आबा काट्याजवळ उभे होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, मनी पोरनी नोकरी गयी ना, तं तुले पोत्यामा भरसू अन् शिवी टाकसू."

आबांना पोती शिवता येत होती. मी जळगावच्या गाडीची वाट बघायला लागलो.

गाडी आली. मॅडम उतरल्या, हातात पिशवी. चहा नको म्हणाल्या. सरळ आत आल्या आणि मंगलाच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या.

मी सुरू केलं, "मॅडम, काय होतं की वीज कमी-जास्त..."

"बापूराव, तुम्ही तिकडं भिंतीजवळ उभे राहा. हात मागं. तोंड बंद."

मी भिंतीजवळ. भाच्याच्या शेजारी जागा मिळाली.

"मंगला, रोज करतेस तसंच कर. मी आहे असं समजू नको. आबा, तुम्ही पण. रोज म्हणता तसं. एक पोतं चढवा."

हमालांनी पोतं काट्यावर ठेवलं. कॉम्प्युटरनं विचारलं, पोतं नंबर? आबांनी पोत्याला हात लावून कपाळाला लावला आणि मोठ्यानं ओरडले,

"लाभ!"

आणि मंगलानं टाइप केलं. एल. ए. बी. एच. एंटर. जोरात, मी सांगितलं होतं तसं.

रीडू फ्रॉम स्टार्ट.

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांचं ते बघणं. माझ्या हातात खडू नव्हता म्हणून वाचलो.

आता तुमच्यात कोणी शहरातले असतील तर सांगतो. आमच्याकडे माल मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर तसंच, मार्केटमध्ये तसंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी लहानपणापासून ऐकत आलो. सोनगीरला आमच्या दारात कोणी धान्य मोजून घातलं तरी लाभपासूनच. त्या ओट्यावर मी कितीदा उभा राहिलो, कानावरून कितीदा लाभ गेलं. पण कॉम्प्युटरसमोर बसलो की माझी बोटं पँट घातलेली व्हायची. ती एकपासून मोजायची. आणि कोणी काय टाकलं, हे मी कधी बघितलंच नाही. दर वेळी तिला सरकवून मीच बसलो. माझी पट्टी बघून आबा तोंडातल्या तोंडात काय बोलले होते, ते पण आत्ता कळलं: पहिल्या ओळीत लाभ नव्हतं.

मॅडमनी मंगलाला विचारलं, "रोज हेच टाकत होतीस?"

"हो. आबा म्हणतात तेच टाकते. भाच्याच्या वहीत पण पहिल्या ओळीत लाभच लिहितात. मी सरांना कळवलं होतं, आबा सांगतात तेच टाकते म्हणून."

"सरांना," मॅडम म्हणाल्या. बस, एवढंच.

आता मला उत्साह आला. रोग सापडला म्हटल्यावर डॉक्टर मीच. पुढं होऊन म्हटलं, "काही नाही शेठ, सोपं आहे. आजपासून आबांनी एक म्हणायचं."

ओट्यावरच्या एका व्यापाऱ्यानं तोंडाजवळ नेलेला पेढा परत ठेवला.

नाना शेठ म्हणाले, "टेपवाले, आज मुहूर्त आहे. माझ्या आजोबांपासून या काट्यावर पहिल्या पोत्याला कोणी एक म्हटलं नाही. मुहूर्ताच्या बाजरीला मी एक म्हणू? भाच्या, चादर आण."

आबा म्हणाले, "एक मना तोंडमा येतच नही."

मी म्हटलं, "बरं, आबा लाभ म्हणतील, मंगला एक टाकेल. कोणाला कळणार?"

"पट्टीवर काय छापेल?"

"एक."

"मग शेतकरी काय वाचेल?"

भाचा उठला होता. चादरीची घडी उलगडत होता. मंगला कोणाकडेच बघत नव्हती, नुसती त्या हिरव्या अक्षरांकडे बघत होती.

मॅडम म्हणाल्या, "शेठजी, तुमचं बरोबर आहे. माणसांनी मोजायची रीत बदलायची गरज नाही. प्रोग्राम बदलू. मुहूर्ताला वेळ आहे ना अजून?"

शेठनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "थोडा."

"भाच्याला बसायला सांगा."

मी म्हटलं, "मॅडम, हे मी करतो. एका ओळीचं काम." खरंच मला येत होतं असं मला वाटलं. पोतं नंबरला प्रोग्राममध्ये मी बी असं नाव दिलं होतं. मंगलाच्या खांद्यावरून हात घालून उभ्या उभ्या टाइप केलं: बी जर लाभ असेल, तर बी बरोबर एक. एंटर. चालू केलं. कॉम्प्युटर म्हणाला, टाइप मिसमॅच. आता नवीनच.

ते काय असतं ते सांगतो, कारण ते त्या दिवशी मला पण नीट कळलं. बेसिकमध्ये वस्तू ठेवायला डबे असतात. एक डबा आकड्यांचा, एक अक्षरांचा. ज्याच्या नावापुढं डॉलर, तो अक्षरांचा. आकड्याच्या डब्यात अक्षरं कोंबली की तो ओकतो. मी पोतं नंबरला पहिल्यापासून आकड्यांचा डबा ठेवला होता. लाभ त्यात बसणारच नव्हतं, बोट कितीही सरळ असलं तरी. आणि आता मी त्याच डब्याला विचारत होतो की बाबा, तुझ्यात अक्षरं आहेत का.

मॅडमनी माझा हात मनगटाला धरून बाजूला केला. जसं दुकानातून मांजर बाहेर ठेवतात तसा.

"मंगला, डबा कोणता पाहिजे?"

मंगला म्हणाली, "अक्षरांचा."

"मग?"

"मग बीपुढं डॉलर लावते. त्यात लाभ पण राहील, दोन पण राहील."

"दोन राहील, पण अक्षर म्हणून राहील. पुढं आकडा पाहिजे असेल तर?"

मंगला माझ्याकडे बघायला लागली. मी झेंडूच्या माळेकडे बघायला लागलो. हे मी शिकवलंच नव्हतं, कारण त्या रविवारी मी जळगावच्या स्टँडवर भरीत-भाकरी खात बसलो होतो आणि क्लासला उशिरा पोचलो होतो.

मॅडमनी सांगितलं. अक्षरातला आकडा बाहेर काढायला वॅल नावाचं एक औजार असतं. एका ओळीत मंगलानं ते बसवलं: लाभ असेल तर एक धर, नाहीतर जे आहे त्याचा आकडा काढ. दुसऱ्या ओळीत छपाई बदलली, पट्टीवर जसं टाकलं तसंच यावं म्हणून. मॅडमनी एकदाही कीबोर्डला हात लावला नाही. फक्त विचारत गेल्या, "मग? आता? हे कशाला?" आणि पोरगी उत्तर देत गेली, टाइप करत गेली. चुकली एका ठिकाणी. मॅडम थांबल्या. तिचं तिलाच दिसलं, तिनंच खोडलं.

माझा क्लास मी कितीतरी दिवस चालवत होतो. शिकवताना समोरच्याला टाइप करू द्यायचं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

शेठ उठले. "वेळ झाली."

काट्याची पूजा झाली. नारळ फुटला. पहिलं पोतं चढलं. व्यापारी सगळे उठून कॉम्प्युटरमागं दाटीनं उभे राहिले. आबांनी पोत्याला हात लावला, कपाळाला लावला.

"लाभ!"

मंगलानं टाइप केलं. एंटर दाबलं. हळूच.

वजन? असं हिरवं अक्षर आलं.

आबांनी वजन सांगितलं, तिनं टाकलं. "दोन!" दोन पण गेलं. तीन गेलं. पोत्यामागं पोती चढत गेली, आबांचा आवाज मोठा होत गेला. शेवटी प्रिंटर करकर करत चालू झाला. शेठनी पट्टी फाडली, चष्मा लावला आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली, "लाभ." व्यापाऱ्यांपैकी एकानं बाजरीच्या मालकाला पेढा भरवला. दुसऱ्या एकानं शेठला विचारलं, "आमच्याकडे पण बसेल का हे?"

शेठनी पट्टी मालकाच्या हातात दिली आणि भाच्याकडे बघितलं. "ती चादर घरी घेऊन जा. मंगला, उद्या बाजार लवकर भरतो. काटा सुरू व्हायच्या आधी येऊन बसायचं."

मंगला "हो" म्हणाली. एवढंच म्हणाली. पण आबांनी पाठ फिरवली आणि उपरण्यानं तोंड पुसलं, थंडीच्या सकाळी.

मॅडमची पुढची गाडी होती. जाता जाता मला म्हणाल्या, "बापूराव, मदत मागायची असेल तेव्हा तुम्हाला काय वाटतं ते लिहू नका. समोरच्यानं काय दाबलं आणि पडद्यावर काय आलं, ते लिहा. बास."

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला जे काय कळलं ते एवढंच. अडलेला माणूस आला की त्याला आधी म्हणायचं, तू करून दाखव. आणि आपले हात खिशात घालायचे. कॉम्प्युटर बहुतेक वेळा ठीक असतो, प्रोग्राम अर्ध्या वेळा ठीक असतो, आणि आपण न बघताच सांगितलेलं कारण कधीच ठीक नसतं.

पण त्या दिवशी हे इतकं कळलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, काम माझं झालं. व्यापारी गोळा झालेलेच होते, पुढची गिऱ्हाईकं समोर. बाहेर दुसऱ्या शेतकऱ्याची पोती चढत होती. मी तिथं जाऊन उभा राहिलो आणि बोलायला लागलो. "मंडळी, या यंत्रापुढं चूक टिकतच नाही. वजन म्हणजे वजन. रतीभर इकडं नाही, तिकडं नाही. हा प्रोग्राम बनवताना मी स्वतः..."

सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. आत मंगला पण बोटं थांबवून माझ्या पायांकडे बघत होती. मला वाटलं, भाषण रंगलं. मी आवाज आणखी चढवला.

आबा काट्याचा आकडा बघत होते. त्यांनी हात वर केला आणि सगळ्या मार्केटला ऐकू जाईल असं म्हणाले,

"भाऊ, काट्यावरतून खाले उतर. तुनं बी वजन बाजरीमा मोजाई गयं."